इलेव्हन प्लसच्या मुलाखतीची ऑनलाइन शिकवणी: आठ महिन्यांनंतर

इलेव्हन प्लस म्हणजे इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा; काही शाळा त्यासोबत मुलाखतही घेतात. गेल्या ऑगस्टमध्ये लेकीसाठी एका ऑनलाइन शिकवणीचं मुलाखत-पॅकेज घेतलं. पाऊण तासाची सहा सत्रं, प्रत्येक सत्राचं रेकॉर्डिंग, नंतर लेखी अहवाल आणि १२० प्रश्नांची एक पीडीएफ. ४२० पौंड मोजले. नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत म्हणून. शिवाय अशा शिकवण्या लंडनमध्ये पैशाला पासरी आहेत, उन्नीस-बीस सगळ्या सारख्याच.

आधी एक सांगते. तुम्ही फक्त ग्रामर शाळांच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांच्या मागे असाल तर हे पुढचं वाचूही नका. सरकारी शाळांना प्रवेशासाठी मुलाखत घ्यायला नियमानंच मनाई आहे. हा सगळा खटाटोप खासगी शाळांसाठी. आम्ही लंडन कन्सॉर्टियम या मुलींच्या खासगी शाळांच्या गटातून अर्ज भरले होते. तिथे परीक्षा सगळ्यांची मिळून एकच, पण मुलाखत ज्या त्या शाळेची वेगळी. जानेवारी १, २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागल्यावर आमच्याकडे "घ्यायचीच का ही उडी?" यावर बरेच दिवस धुमसत होतं. वर्षाला २५ हजार पौंडांच्या पुढे जाणाऱ्या फीपुढे ४२० म्हणजे चहापाणी, असं म्हणून नवऱ्याने कार्ड काढलं.

पहिला महिना पीडीएफने खाल्ला. प्रत्येक प्रश्नाखाली नमुना उत्तर. "सध्या काय वाचतेस?", "हीच शाळा का?", "तुझा दोष कोणता?" आणि या शेवटच्याचं उत्तर ठरलेलं: मी फार परिपूर्णतेच्या मागे लागते. दहा वर्षांची पोर! आमचीने दसऱ्यापर्यंत साठेक उत्तरं घडाघडा पाठ केली, पसायदान म्हणावं तशी. मी खूश. पहिल्या सत्राच्या अहवालात एकच ओळ कामाची होती: उत्तरं चांगली आहेत, पण ती कुणाची आहेत?

दुसऱ्या सत्रापासून आम्हाला जे शिक्षक मिळाले त्यांच्यामुळे मी या पॅकेजला शिव्या घालत नाही. त्यांनी सुरुवातीलाच मला खोलीबाहेर काढलं. लॅपटॉपच्या कडेला मी बसलेली, आणि लेक प्रत्येक उत्तराआधी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. रेकॉर्डिंगमध्ये ते इतकं स्वच्छ दिसतं की मला कानकोंडं झालं. मी चक्क ओठ हलवत होते.

तिसऱ्या सत्रात ते म्हणाले, "तीन, पाच, सात. विषम संख्या सगळ्या मूळच असतात, नाही का?" लेक गप्प. मी घड्याळ लावून पुन्हा ऐकलं, अकरा सेकंद. मग "हो" म्हणाली. रात्री जेवताना विचारलं तर म्हणते, "नऊ नसते ना मूळ, मला माहीत होतं. पण ते सर आहेत." आता यात चूक कुणाची? मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, हे आम्हीच तिच्या कानीकपाळी ओरडलोय. आणि मुलाखतीत समोर बसलेली बाई किंवा बुवा मुद्दाम चुकीचं बोलून बघतात, पोरगी हटकते का. यावर पीडीएफमध्ये अवाक्षर नाही. त्या शिक्षकांनी मात्र पुढचं सत्र यावरच घालवलं. त्या चौथ्या सत्रात तिने हळूच, प्रश्नार्थक सुरात म्हटलं, "पण सर, २ सम असूनही मूळ आहे ना?" तेवढ्यावर मी स्वयंपाकघरात साजूक तुपाचा शिरा केला.

आता तक्रारी. पाचव्या सत्राला न सांगता शिक्षक बदलले. त्या अहवालात लेकीचा उल्लेख तीनदा मुलगा म्हणून आहे आणि तिच्या रग्बीचं कौतुक आहे. ती रग्बी खेळत नाही. ईमेल केल्यावर दोन आठवड्यांनी दुरुस्त प्रत आली. तीत रग्बीच्या जागी नेटबॉल घातलं होतं. तेही ती खेळत नाही.

दुसरं म्हणजे वस्तूचा प्रश्न. एका शाळेने मुलाखतीला आवडीची एखादी वस्तू आणायला सांगितली होती. या नव्या बाईंचा सल्ला: पदक आणा, पियानोचं प्रमाणपत्र आणा. लेकीने ठरवलं, आजीचा पितळी सोऱ्या. माझाही आधी विरोधच होता. पण तो पुण्याहून सासूबाईंनी आणलेला, दिवाळीत तिने स्वतः दांडा दाबलेला, भाजणी घट्ट झाल्यावर चकलीचे तुकडे कसे पडतात हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. नेला. बसमध्ये परतताना सांगत होती, मॅडमनी विचारलं, चकती चांदणीचीच का? ही म्हणाली, काटे आले की तेल जास्त बाजूंनी लागतं, म्हणून कुरकुरीत होते. गोल भोकाची घेतली तर ती जाड शेव, आणि आतून कच्ची राहील. मग मॅडमनी स्वतः दांडा दाबून पाहिला. वीस मिनिटांपैकी अर्धी वेळ सोऱ्यातच गेली म्हणे.

त्या शाळेने प्रतीक्षा यादीत टाकलं. जिथे ती "काही विशेष झालं नाही" म्हणून तोंड पाडून बाहेर आली होती, तिथून फेब्रुवारीत होकार आला. आता कुणी मला मुलाखतीचं गणित समजावू नये.

घ्यावं का? मूल आधीच बोलकं असेल, परक्या माणसाशी वाद घालत असेल, तर पैसे वाचवा. शेजारच्या काकांना अर्धा तास प्रश्न विचारायला बसवा, फोनवर रेकॉर्ड करा. आमच्यासारखं शहाणं, होला हो करणारं पोर असेल तर तीन सत्रं पुरेत, पण एकच शिक्षक शेवटपर्यंत मिळेल हे लेखी घ्या. पीडीएफ उघडूच नका. आणि पहिलं रेकॉर्डिंग मुलाने नाही, तुम्ही बघा.

आमचं सहावं सत्र वापरायचं राहूनच गेलं. ते मेअखेर बाद होतंय. धाकटा अजून इयर फोरमध्ये आहे, त्याच्या नावावर करून द्या म्हटलं तर उत्तर आलं, तसं करता येत नाही, पण भावंडांसाठी नव्या पॅकेजवर १० टक्के सूट आहे.