पीसीआय एक्सप्रेसच्या त्रुटींची नोंद: कर्नलकडे की फर्मवेअरकडे?

लिनक्स सर्व्हरवर पीसीआय एक्सप्रेस (नेटवर्क कार्ड, एसएसडी अशी उपकरणे यंत्राला जोडणारी वाहिनी) उपकरणातील त्रुटींची वार्ता दोन वाटांनी येते, आणि आपल्या यंत्रावर कोणती वाट चालू आहे हे ठाऊक नसताना डीबगिंगला बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

पहिल्या पद्धतीत बूट होताना फर्मवेअर (मदरबोर्डवरचे, यंत्र सुरू करणारे सॉफ्टवेअर) एईआरचा, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या त्रुटी नोंदवणाऱ्या यंत्रणेचा, ताबा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) देते. त्रुटी घडली की रूट पोर्ट (उपकरण प्रोसेसरच्या बाजूला जिथे जोडले जाते ते टोक) इंटरप्ट देतो, कर्नल स्टेटस रजिस्टर वाचतो, उपकरणाचा पत्ता व त्रुटीचा प्रकार लॉगमध्ये लिहितो आणि त्रुटी आपोआप दुरुस्त होणारी नसेल तर संबंधित ड्रायव्हरची रिकव्हरी फंक्शन क्रमाने बोलावतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी मला हीच वाट निःसंशय श्रेयस्कर वाटते, कारण एईआर-इंजेक्ट मॉड्यूलने कृत्रिम त्रुटी घालून, आपला ड्रायव्हर खरोखर सावरतो का, हे प्रत्यक्ष बिघाडाची वाट न पाहता तपासता येते.

दुसऱ्या पद्धतीत त्रुटी आधी फर्मवेअर हाताळते आणि तयार नोंद एपीईआयमार्फत (फर्मवेअरने कर्नलला त्रुटी कळवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) कर्नलला कळवते. कर्नल कोसळला तरी बीएमसीमध्ये (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र चिपमध्ये) नोंद उरू शकते, हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी मोठाच आधार आहे. मात्र दुरुस्त झालेल्या त्रुटी ठरावीक मर्यादा ओलांडेपर्यंत फर्मवेअर स्वतःकडेच ठेवू शकते, आणि कर्नल पाहील त्याआधीच रजिस्टर पुसलेले असू शकते. त्यामुळे अशा यंत्रावर कर्नलचा लॉग कोरा दिसला, तरी लिंक निर्दोष आहे असे न मानता आधी बीएमसीची नोंदवही उघडावी.