फ्यूजन यंत्रातला शील्ड ब्लॉक: फोर्जिंग की कास्टिंग?

इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्राच्या ब्लँकेटमध्ये, म्हणजे प्लाझ्माभोवतीच्या आतल्या अस्तरात, ४४० मॉड्यूल आहेत. प्रत्येक साधारण १ बाय १.५ मीटरचे, वजन ४.६ टनांपर्यंत. त्यांच्या शील्ड ब्लॉकमधून, म्हणजे न्यूट्रॉन अडवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या जाड ठोकळ्यातून, थंड करणारे पाणी फिरते, आणि निर्णय अडतो तो या पाण्याच्या वाटांपाशी.

फोर्जिंग (तापवून, ठोकून घडवणे) घेतले तर भरीव ठोकळ्यात लांब छिद्रे पाडायची, खाचा कापायच्या, वर झाकणे वेल्ड करायची. महागडा धातू किसात जातो. कास्टिंगमध्ये (वितळलेला धातू साच्यात ओतणे) साच्यात कोअर, म्हणजे पोकळी राखणारे गाभे, बसवले की बऱ्याचशा वाटा ओततानाच तयार होतात, वेल्डही कमी लागतात.

ताकदीत कास्टिंग मागेच असते, हा समज अर्धाच खरा. जाड भाग हळू गोठतो, दाणे मोठे होतात आणि ते मोडायला घणाचे घाव नसतात. सीएफ३एम या साध्या ओतीव स्टेनलेस स्टीलची किमान यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) २०५ मेगापास्कल, फोर्ज केलेल्या ३१६एलएन स्टीलचीही तेवढीच. पण ०.१० ते ०.२० टक्के नायट्रोजन असलेल्या सीएफ३एमएनची २५५! मँगनीज वाढवले की नायट्रोजन आणखी विरघळतो. मात्र गोठताना डेल्टा फेराइट (स्टीलमधली चुंबकीय स्फटिकरचना) आधी तयार झाले, तर त्यात नायट्रोजन मावत नाही. बुडबुडे उठतात आणि कास्टिंग सच्छिद्र निघते.

खरी कसोटी फेराइटचीच. थोडे असले तर गोठताना तडे जात नाहीत. जास्त झाले तर धातू चुंबकीय होतो, आणि प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने धरलेल्या यंत्रात ते चालत नाही. रासायनिक विश्लेषणावर विसंबू नका. फेराइटस्कोप, म्हणजे फेराइट मोजणारे उपकरण, जाड आणि पातळ, दोन्ही भागांवर लावा.

तपासणीत फोर्जिंग सरळ सरस आहे. कास्टिंगच्या जाड दाण्यांवर अल्ट्रासाउंड विखुरतो, म्हणून रेडिओग्राफीचा खर्च आधीच धरा. कोबाल्टची मर्यादा दोन्हीकडे पाळावीच लागते: कोबाल्टने न्यूट्रॉन शोषून तयार होणाऱ्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. भट्टीत कोबाल्ट असलेले मिसळ भंगार पडले की ही मर्यादा हातची जाते.

वाटा सरळ आणि नग मोजके असतील तर फोर्जिंगच घ्यावे. वाटा वळणदार, नग शेकडो, तर नायट्रोजनयुक्त कास्टिंग. फक्त चाचणीची पट्टी वेगळी ओतलेली स्वीकारू नका. ती पातळ असते, लवकर गोठते आणि ब्लॉकपेक्षा चांगले आकडे दाखवते. पहिल्या नगाच्या सर्वांत जाड भागातून, रायझरच्या (गोठताना जादा धातू पुरवणाऱ्या उंचवट्याच्या) मुळाशी कापलेलीच मागा.