टेट मॉडर्नमधला रेडिओंचा बुरूज

लंडनला गेलात आणि टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय बघायचं ठरवलंत, तर तिकिटाच्या मोठ्या प्रदर्शनांपेक्षा आधी संग्रहालयाने स्वतःच्या संग्रहातून मांडलेली दालनं बघा. ती फुकट आहेत. सिल्डो मेरेलेसचा ‘बाबेल’ हा रेडिओंचा बुरूज तिथेच आहे. त्याच्यासाठी निदान तासभर हातात ठेवा. मी पाहिला तेव्हा तो चौथ्या मजल्यावर होता.

इचलकरंजीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हवाले (काचेच्या नळ्यांचे) सेट, मग ट्रान्झिस्टर, मग टेप लागलेले टू-इन-वन, सगळं हाताखालून गेलं. मुलगा रेडिंगला असतो, त्याच्याकडे गेलो की लंडनची एखादी चक्कर होतेच. तेव्हा हे परीक्षण रेडिओवाल्याने केलेलं आहे असं धरून वाचा.

आधी इमारतीबद्दल. हे मुळात वीजघर होतं, बँकसाइड पॉवर स्टेशन. लाल टेलिफोनची खोकी ज्यांनी आखली त्या गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच हेही आखलं. ९९ मीटर उंच चिमणी अजून तशीच उभी आहे. वीजनिर्मिती १९८१ मध्ये थांबली आणि २००० मध्ये इथे संग्रहालय उघडलं. जिथे टर्बाइन फिरायची तो हॉल त्यांनी तोडफोड न करता रिकामा ठेवलाय. यंत्रावर जन्म काढलेल्या माणसाला त्या हॉलमध्ये पाऊल टाकताच बरं वाटतं.

आता बुरूज. खोलीत शिरलात की निळसर अंधार लागतो. मधोमध गोल, साधारण तीन माणसांएवढा उंच असा रेडिओंचा ढीग. ढीग म्हटलं तरी रचना पक्की आहे, थरावर थर. शेकडो सेट आहेत आणि सगळे चालू! प्रत्येक वेगळ्या स्टेशनवर लावलेला, प्रत्येकाचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतकाच. तळाला जुने, अंगाने मोठे, लाकडी कॅबिनेटचे व्हॉल्व्ह सेट. वर जाल तसे सेट लहान होत जातात, लाकडाच्या जागी प्लास्टिक येतं, आणि टोकाला अलीकडचे हलके डबे. खालून वर नजर फिरवली की आमच्या धंद्याची ऐंशी वर्षं डोळ्यांसमोरून जातात.

मेरेलेस हा ब्राझीलचा कलाकार, १९४८ चा जन्म. न्यूयॉर्कच्या कॅनॉल स्ट्रीटवर दुकानांत मांडलेले तऱ्हेतऱ्हेचे रेडिओ बघून त्याला हे सुचलं आणि २००१ मध्ये त्याने हा बुरूज उभा केला. नाव बायबलमधल्या गोष्टीवरून आहे. माणसं आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला निघतात, देव त्यांच्या भाषा वेगळ्या करून टाकतो आणि कुणालाच कुणाचं कळेनासं होतं. भिंतीवरच्या पाटीवर हे वाचून बरेच जण फोटो काढतात आणि पुढे जातात. मला ते बघवत नाही, कारण हे काम बघायचं कमी आणि ऐकायचं जास्त आहे.

दारातून नुसती गुणगुण ऐकू येते, वेगळं काही लागत नाही. दोन हातांवर गेलात की एक बाई बातम्या देतेय हे कळतं. कान आणखी जवळ नेला की शेजारच्या सेटमधलं फुटबॉलचं समालोचन तिच्यावर चढतं. बुरुजाभोवती हळूहळू फिरा. पावलागणिक भाषा बदलते, मध्येच गाणं लागतं, मध्येच नुसती खरखर. मी ज्या दिवशी जे ऐकलं ते तुम्हाला ऐकू येणार नाही, कारण सगळं प्रक्षेपण त्या त्या क्षणाचं आहे.

तळाच्या थरातल्या एका सेटपाशी मी बराच वेळ वाकून बसलो होतो. स्पीकरवर विणलेलं कापड, कडेला थोडं उसवलेलं. डायलच्या काचेवर गावांची नावं, मागे पिवळा दिवा. काटा सरकवणारी दोरी कशी गेली असेल ते बाहेरूनच दिसत होतं: दोन पुल्या, एक स्प्रिंग, नॉबच्या दांड्याला अडीच वेढे. ही दोरी तुटली की गिऱ्हाइकाला वाटायचं सेटच गेला. आणि त्या सेटमधून बारीक हम येत होता, विजेतली थरथर गाळणारा फिल्टर कंडेन्सर थकायला लागल्यावर येतो तसा. हात शिवशिवले.

एक प्रश्न मला तिथून निघाल्यावरही सुटला नाही. दुकानात टेबलावर दोन सेट शेजारी चालू केले की काही जागांवर शिट्टी यायची. सुपरहेट सेटच्या (बहुतेक रेडिओ याच पद्धतीचे) पोटात स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, असतो. एक सेट १००० किलोसायकलवर (आजच्या भाषेत किलोहर्ट्झवर) लावला तर त्याचा ऑसिलेटर ४५५ ने पुढे, म्हणजे १४५५ वर चालतो, आणि तिथे लावलेल्या दुसऱ्या सेटला तो त्रास देतो. दोन सेटांची ही गत, तर शेकडो सेट एकावर एक रचून प्रत्येकाला आपापलं स्टेशन कसं पकडून दिलं असेल? बुरूज रचायचा म्हणजे एकेक सेट तपासणं, जुळवणं, सरकवणं आलं. ज्यांनी हे केलं त्या तंत्रज्ञांना माझा मनापासून नमस्कार.

संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाचं महत्त्व मला इथे कळतं. उसनं आणलेलं प्रदर्शन चार महिन्यांनी परत जातं. हा बुरूज मात्र टेटने विकत घेतलाय, म्हणजे तो चालू ठेवण्याची जबाबदारीही घेतलीय. आणि ती दिवसेंदिवस अवघड होत जाणार. व्हॉल्व्ह मिळणं कठीण झालंय, पण ती अडचण त्या मानाने लहान. ईएल ८४ ही व्हॉल्व्ह अजून शोधली तर मिळते. मोठी अडचण हवेतली आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम बंद केलं. बीबीसी रेडिओ ४ चं मीडियम वेव्ह एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं. तळाच्या जुन्या सेटांना एफएम नाहीच. मीडियम वेव्हची स्टेशनं अशीच मिटत गेली तर बुरूज खालून मुका होत जाईल. तेव्हा संग्रहालय काय करणार? आतल्या आत छोटा ट्रान्समीटर लावून ध्वनिमुद्रण सोडणार? माझ्या मते तसं करू नये. हवेत जे असेल तेच या बुरुजाने सांगावं, नुसती खरखर असेल तर खरखर. पण सेट जिवंत ठेवावेत, डायलचे दिवे जळत राहावेत.

आणखी एक मागणी आहे. कुठला सेट कुठल्या कंपनीचा, कुठल्या सालचा, किती व्हॉल्व्हचा, अशी एक यादी खोलीबाहेर लावली तर माझ्यासारखे लोक तिथे दिवस काढतील.

बाकीच्या दालनांत कार्ल आंद्रे या शिल्पकाराच्या १२० भट्टीच्या विटा होत्या, दोन थरांत नीट मांडलेल्या. त्यावरून १९७६ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी मोठं काहूर उठवलं होतं. मला त्या विटांतून फारसं काही मिळालं नाही. रॉथकोची गडद तांबडी-काळपट चित्रं मात्र मंद उजेडात बाकावर बसून बघा, घाई करू नका. आधीच्या एका खेपेला शीला गौडांचं ‘बिहोल्ड’ पाहिलं होतं: माणसांच्या केसांचे किलोमीटर किलोमीटर लांब दोर आणि त्यांत अडकवलेले मोटारींचे चकचकीत बंपर. बंगळूरकडे नजर लागू नये म्हणून गाडीला केसांची वेणी बांधतात, आपल्याकडे लिंबू-मिरची बांधतात तशी. यावेळी ते मांडलेलं नव्हतं. संग्रह मोठा, जागा थोडी, त्यामुळे मांडणी बदलत राहते. एखादी ठरावीक कलाकृती बघायला जाणार असाल तर ती सध्या मांडलेली आहे ना, हे टेटच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

सेंट पॉल्स कॅथेड्रलकडून मिलेनियम ब्रिजने चालत थेम्स ओलांडली की चिमणी समोरच दिसते. सकाळी दहाला उघडतं, मधल्या वारी गेलात तर बुरुजाजवळ कान लावायला जागा मिळते. शाळेतली मुलं बरोबर असतील तर त्यांना तळाचे सेट आवर्जून दाखवा, आणि नॉब फिरवल्यावर काचेमागे काय काय हलतं ते तिथेच समजावून सांगा.