सीजीए कार्ड: चार रंगांच्या नावाखाली सोळा

आयबीएमचं कलर ग्राफिक्स अडॅप्टर, म्हणजे सीजीए, १९८१ साली पहिल्या पीसीबरोबर आलं, आणि त्याची बदनामी तेव्हापासून एका दमात सांगता येते: ३२० बाय २००, चारच रंग, त्यातही निळसर, जांभळट आणि पांढरा हे डोळ्यांत खुपणारे. बदनामी खोटी नाही. पण जुन्या मशीनमध्ये हे कार्ड बसवावं की नाही, हे बायॉस (मशीनच्या रॉममधलं मूळ सॉफ्टवेअर) देतो त्या मोडवरून ठरवलं तर कार्डावर अन्याय होतो. खरा माल दोन ठिकाणी आहे: सगळी रजिस्टरं उघडी टाकलेला मोटोरोला ६८४५, म्हणजे पडद्याची मोजणी ठेवणारी चिप, आणि मागच्या पट्टीवरचं कंपोझिटचं, म्हणजे सगळं चित्र एकाच तारेने टीव्हीला देणारं, गोल सॉकेट. ही दोन वापरायची नसतील तर हे कार्ड घेऊ नका, कुठलाही बरा क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपनीची नक्कल, तेवढंच काम करतो.

आधी हातात काय येतं ते. पूर्ण लांबीचं आठ बिटी कार्ड, वर १६ केबी मेमरी. ती बी८००० ह्या पत्त्याला दिसते आणि पत्त्याचं डिकोडिंग अर्धवट असल्यामुळे बीसी००० पासून तीच पुन्हा दिसते. मागे नऊ पिनांचं आरजीबीआय सॉकेट (लाल, हिरवा, निळा आणि इंटेन्सिटी वेगवेगळ्या तारांवर) आणि कंपोझिट. आत लाइट पेनसाठी सहा पिना आणि आरएफ मॉड्युलेटरसाठी चार. अक्षरांच्या रॉममध्ये नेहमीच्या जाड फाँटशिवाय एक बारीक फाँटही दडलेला आहे, तो कार्डावरच्या पी३ ह्या जागी जोड दिला की येतो. सॉफ्टवेअरला मात्र तो बदलता येत नाही, वाचताही येत नाही.

६८४५ ला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणणं म्हणजे टाळ धरणाऱ्याला गवई म्हणणं. तो एक ठिपकाही काढत नाही. तो फक्त मोजतो: ओळीत किती अक्षरं झाली, किती ओळी झाल्या, सिंक कधी द्यायचा, मेमरीतला पुढचा पत्ता कोणता. ही मोजणी अठरा रजिस्टरांत असते. ३डी४ पोर्टवर रजिस्टरचा क्रमांक, ३डी५ वर किंमत, संपलं (पोर्टांचे क्रमांक हेक्समध्ये). रंग, मोड आणि पॅलेट ह्यांचा त्याच्याशी संबंध नाही, ते ३डी८ आणि ३डी९ ह्या आयबीएमने वेगळ्या बांधलेल्या पोर्टांवर ठरतं.

सीजीएवर रेषा काढणारा प्रत्येक जण ज्या गोष्टीला शिव्या घालतो, तिचं मूळही ह्याच मोजणीत आहे. सम ओळी मेमरीच्या सुरुवातीला आणि विषम ओळी ८१९२ बाइटांनी पुढे, असं का? कारण ६८४५ चं आर६, म्हणजे दिसणाऱ्या ओळी सांगणारं रजिस्टर, सातच बिटांचं आहे. १२७ च्या वर ते जात नाही, मग २०० ओळी सांगायच्या कशा? आयबीएमने १०० ओळी सांगितल्या, प्रत्येक दोन स्कॅनलाइन उंचीची, आणि त्या दोहोंतली कोणती चालू आहे हे सांगणारी आरए० ही तार मेमरीच्या पत्त्याला जोडून दिली. वेडेपणा नव्हे, चिप वाचवलेली आहे. त्रास मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी.

आता १६० बाय १०० चा मोड. आयबीएमच्या टेक्निकल रेफरन्समध्ये त्याचा उल्लेख आहे, पण रॉममध्ये त्याला आधार नाही, त्यामुळे तो आपणच उभा करायचा. हा मुळात ८० कॉलमचा टेक्स्ट मोड, फक्त अक्षराची उंची आठ स्कॅनलाइनींवरून दोनवर आणलेली. इंटरप्ट १० वापरून मोड ३ लावा. ३डी८ वर ०१ लिहून चित्र बंद करा. मग आर४ मध्ये १२७, आर५ मध्ये ६, आर६ मध्ये १००, आर७ मध्ये ११२ आणि आर९ मध्ये १, सगळ्या किंमती दशमान. आर० ते आर३ ला हात लावू नका, आडवी मोजणी टेक्स्टचीच राहायला हवी. त्यानंतर ८००० जागांच्या पहिल्या बाइटमध्ये २२२ क्रमांकाचं अक्षर, म्हणजे उजवा अर्धा ठोकळा, आणि दुसऱ्या बाइटमध्ये शून्य भरा. शेवटी ३डी८ वर ०९ लिहिलं की चित्र परत येतं. त्या ०९ मध्ये ब्लिंकचा बिट शून्य आहे, आणि नेमकं तेच महत्त्वाचं. तो एक राहिला तर पार्श्वभूमीला आठच रंग मिळतात आणि जिथे डावा ठिपका उजळ रंगाचा असायला हवा, तिथला उजवा ठिपका लुकलुकायला लागतो. ‘निम्मे ठिपके लुकलुकतात’ ही तक्रार आली की आधी हा बिट बघावा.

हिशोब पडताळून बघण्यासारखा आहे. आर४ मधल्या १२७ चा अर्थ १२८ ओळी, गुणिले २, अधिक आर५ च्या ६: २६२ स्कॅनलाइन. मूळ टेक्स्ट मोडमध्ये ३२ गुणिले ८ अधिक ६, तेही २६२. बेरीज हललीच नाही, म्हणून मॉनिटरला काही बदललंय हे कळतही नाही. १०० ओळी, प्रत्येकी १६० बाइट, एकूण १६,०००. कार्डावर आहेत १६,३८४, म्हणजे बसतं, पण दुसरं पान ठेवायला जागा उरत नाही. ठिपका काढायचा तर आडवा क्रमांक दोनने भागून आलेल्या पूर्णांकाची दुप्पट, त्यात उभा क्रमांक गुणिले १६० मिळवा, वर एक. त्या बाइटचा वरचा निबल (चार बिट) डावा ठिपका, खालचा उजवा. २२२ ऐवजी २२१ भरलंत तर बाजू उलटतात.

मोबदला मुंग्यांनी द्यावा लागतो. ८० कॉलममध्ये दर अक्षराला दोन बाइट लागतात आणि मेमरी एकाच दाराची, आठ बिट रुंद. चित्रासाठीच तिचा सगळा वेळ जातो. प्रोसेसरने मध्ये हात घातला की पत्त्याच्या तारा त्याच्याकडे वळतात आणि चित्राला त्या क्षणी बसवर जे असेल ते मिळतं. पडद्यावर पांढऱ्या मुंग्या सळसळतात त्या ह्याच. ४० कॉलम आणि ग्राफिक्स मोडमध्ये हे होत नाही, १६० बाय १०० मध्ये होतं. उपाय ३डीए पोर्टावर आहे. इंटरप्ट बंद करा, बिट ० शून्य होईपर्यंत थांबा, मग एक होईपर्यंत थांबा, आणि लगेच लिहा. पहिलं थांबणं गाळलं तर आडव्या रिट्रेसच्या (किरण पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परततो त्या वेळेच्या) शेपटीला लिहिलं जातं आणि मुंग्या उरतातच. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ वर एका खेपेत एकदोन बाइटच जातात, म्हणून सरकतं चित्र ह्या मोडमध्ये जड जातं. स्थिर चित्र किंवा थोडा भाग बदलणारा खेळ, इथवर ठीक.

कंपोझिटची बाजू मला ह्याहून भारी वाटते. कार्डाला घड्याळ मिळतं ते बसवरच्या १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या तारेवरून, आणि ते एनटीएससीच्या (अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीच्या) ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ रंगवाहकाच्या बरोब्बर चौपट आहे. ६४० बाय २०० च्या मोडमध्ये ठिपके ह्याच गतीने निघतात, म्हणजे रंगाच्या एका फेऱ्यात चार ठिपके. टीव्हीला ते चार ठिपके वेगळे दिसत नाहीत, त्यांचा नमुना रंग म्हणून दिसतो. चार बिटांचे नमुने सोळा, म्हणून दोन रंगांच्या मोडमधून १६० बाय २०० मध्ये सोळा रंग. काटेकोर बोलायचं तर पंधरा: ०१०१ आणि १०१० दोन्ही सारखेच राखाडी दिसतात. बायॉसचा मोड ६ रंगाचा बर्स्ट, म्हणजे टीव्हीला रंग ओळखायला दर ओळीआधी दिलेली खूण, बंद ठेवतो; ३डी८ वर १ई असतं. तिथे १ए लिहिलं की कृष्णधवल पडदा एकदम रंगतो. एवढाच बदल.

ह्यात आणखी एक खुबी आहे. एनटीएससीत एका ओळीत रंगवाहकाचे दोनशे साडेसत्तावीस फेरे असतात, त्यामुळे ओळीगणिक फेज उलटते. सीजीएची ओळ ९१२ ठिपक्यांची, म्हणजे पुरे २२८ फेरे. प्रत्येक ओळीत फेज तीच, म्हणून रंगाचा उभा पट्टा वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा राहतो. ह्याच कारणाने नंतरचे कोंब फिल्टरवाले, म्हणजे लागोपाठच्या ओळी ताडून रंग वेगळा काढणारे, टीव्ही गोंधळतात: त्यांची सगळी मदार उलटणाऱ्या फेजवर असते. साधा जुना सीआरटी टीव्हीच घ्यावा, आणि एनटीएससी समजणारा. फक्त पाल (भारत-युरोपातली पद्धत) जाणणाऱ्या संचावर चित्र कृष्णधवल येतं, त्यात कार्डाचा दोष नाही.

रंग फिरलेले असतील किंवा येतच नसतील तर कार्ड काढण्याआधी मदरबोर्ड बघा. ५१५० आणि ५१६० वर, म्हणजे आयबीएमच्या पहिल्या पीसीवर आणि एक्सटीवर, क्रिस्टलजवळ एक ट्रिमर कपॅसिटर आहे. प्लास्टिकच्या पेचकसाने तो हळूहळू फिरवत रंग पकडायचा. धातूचा पेचकस जवळ नेला की वारंवारता त्यानेच सरकते, आणि हात काढला की रंग पुन्हा जातात. ज्या क्लोन मदरबोर्डांवर हा ट्रिमर नाही, तिथे रंग मिळणं क्रिस्टलच्या मर्जीवर.

८० कॉलम टेक्स्ट कंपोझिटवर मात्र आयबीएमने नीट केलेलं नाही. रंगाचा बर्स्ट तिथे धड तयारच होत नाही. बॉर्डरचा रंग ६, म्हणजे तपकिरी, ठेवला तर तोच बर्स्टच्या जागी उभा राहतो आणि टीव्ही फसतो. ‘८०८८ एमपीएच’ ह्या २०१५ च्या डेमोने (मशीनची करामत दाखवणाऱ्या प्रोग्रामने) रिव्हिजन मेळाव्यात ह्याच वाटेने १०२४ रंग दाखवले. अक्षराची उंची एकदोन स्कॅनलाइनींवर आणली की इंग्रजी यू ह्या अक्षराचा वरचा भागच उरतो, आणि तो आहे ११००११००, म्हणजे रंगाच्या दोन फेऱ्यांत तोच नमुना. असे चार नमुने, सोळा पुढचे रंग, सोळा मागचे: गुणाकार करा.

अस्सल कार्डाच्याही दोन आवृत्त्या आहेत. जुनीत कंपोझिटचा उजेड जवळपास इंटेन्सिटीच्या बिटावरच ठरतो, नंतरचीत लाल, हिरवा, निळा ह्यांचाही वाटा वेगळ्या रेझिस्टरांनी घातला आहे. कृष्णधवल पडद्यावर नंतरची जास्त वाचनीय. पण रंगांचे नमुने दोहोंवर वेगळे दिसतात, म्हणून जुन्या खेळांचे मूळ रंग हवे असतील तर जुनी शोधा.

आरजीबीआयच्या बाजूला सांगण्यासारखं कमी. मोड ५ ने मिळणारं निळसर, लाल आणि पांढरं पॅलेट जांभळ्यापेक्षा पुष्कळ बरं, आणि ते कागदोपत्री रंगाचं पॅलेटच नाही, बर्स्ट बंद केल्याचा तो अपघात आहे. आयबीएमचा ५१५३ मॉनिटर रंग ६ मधला हिरवा निम्मा करून तपकिरी दाखवतो, बऱ्याच इतर मॉनिटरांवर तिथे मळका पिवळा येतो. जोडताना सावध राहा: एमडीएचं, म्हणजे आयबीएमच्या एकरंगी कार्डाचं, सॉकेटही नऊ पिनांचंच असतं, आणि त्याचा ५१५१ मॉनिटर सीजीएला लावला तर जळू शकतो. सिग्नल टीटीएल पातळीचे, म्हणजे नुसते शून्य-एक, आहेत, ॲनालॉग आरजीबीत ते सरळ घालायचे नसतात. व्हीजीए मॉनिटर १५.७ किलोहर्ट्झ घेत नाहीत, मध्ये कन्व्हर्टर हवाच. ५१५० च्या मदरबोर्डवर एसडब्ल्यू१ ह्या स्विचांच्या पट्टीचा पाचवा स्विच ऑन आणि सहावा ऑफ म्हणजे ८० कॉलम, उलट केलं तर ४०.

क्लोन घेताना कंपोझिटचं सॉकेट दिसलं म्हणून खूश होऊ नका, त्यातून रंग निघतो का ते विचारा, आणि निघाला तरी तो आयबीएमचाच असेल असं नाही. काही क्लोनांवर ३२ केबी मेमरी आणि प्लँट्रॉनिक्स कलरप्लसचा ३२० बाय २०० सोळा रंगांचा मोड मिळतो. आरजीबीआयवाल्यांसाठी तो उत्तम, फक्त त्याचं सॉफ्टवेअर थोडं. ईजीए किंवा व्हीजीए ह्या नंतरच्या कार्डांवर वरच्या रजिस्टर किंमती जशाच्या तशा लिहू नका. तिथली मोजणी वेगळी आहे, चित्र कोसळतं.

आणि ज्यांना वाटतं आयबीएमने तेव्हाच खरा प्रोसेसरवाला ग्राफिक्स बोर्ड द्यायला हवा होता, त्यांच्यासाठी १९८४ चा प्रोफेशनल ग्राफिक्स कंट्रोलर आहेच: तीन बोर्डांची चळत, दोन स्लॉट, स्वतःचा ८ मेगाहर्ट्झचा ८०८८, ६४० बाय ४८० मध्ये ४०९६ पैकी २५६ रंग. त्याला रेषा काढ म्हणून आज्ञा द्यायची आणि वाट बघायची. सीजीएला आज्ञा कळत नाही, पण वाटही बघावी लागत नाही.

वापरलेलं कार्ड घेताना चाचणी सोपी आहे. मोड ३ लावून पडदा पुसा. रिकाम्या पडद्यावर अवतरणचिन्हांची रांग दिसली तर बिट १ ची मेमरी चिप एकला चिकटली आहे, कारण रिकामी जागा म्हणजे ३२, त्यात २ मिळाले की ३४. डावे कंस दिसले आणि अक्षरंही ठळक पांढरी झाली तर बिट ३ ची: अक्षर आणि रंग दोन्ही बाइट त्याच आठ चिपांतून जातात, म्हणून ४० आणि ठळकपणा जोडीनेच येतात. अक्षरं बरोबर पण सगळा पडदा तिरका सरकत असेल तर मेमरीला हात लावू नका. आधी आडव्या सिंकची आठवी पिन आणि तिथपर्यंतची वायर तपासा.