कॉन्टेसाच्या सस्पेन्शनचा तयार संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यातून १९८४ ते २००२ या काळात बाहेर पडलेल्या कॉन्टेसाला आपल्याकडील हौशी मंडळी कौतुकाने भारतीय मसल कार म्हणतात. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन पाहता हे बिरूद जरा मोठेच आहे, पण लांब बॉनेट आणि रुंद, बसकी ठेवण पाहिली की वाद घालावासा वाटत नाही. जालन्यातील माझ्या पेट्रोल कॉन्टेसासाठी मी सुमारे ३८ हजार रुपयांना सस्पेन्शनचा तयार संच ऑनलाइन मागवला. त्यात पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे बुश (सांध्यांत बसणाऱ्या नळीसारख्या गाद्या), गाडी खाली बसवणाऱ्या चार स्प्रिंग, गॅसचे चार शॉकअप (स्प्रिंगची उसळी शमवणारे दांडे) आणि पुढचे चार बॉल जॉइंट (पुढच्या चाकांचे गोल सांधे) होते. आज त्यातील निम्माच माल गाडीवर आहे.

अशा संचांमागचा विचार मूळचा अमेरिकी मसल कारचा आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. १९६७ च्या कॅमॅरो या अमेरिकी मोटारीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) होते. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ते पिळले जात आणि चाक नाचू लागे, म्हणून १९६८ मध्ये मागच्या शॉकअपपैकी एक ॲक्सलच्या (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याच्या) पुढे आणि एक मागे बसवण्यात आला. अशा गाडीत पाटा ताठ करणे आणि बुश कडक करणे याला अर्थ आहे. कॉन्टेसाची घडण मात्र ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातील मोटारीवरून घेतलेली आहे. तिला पुढे दुहेरी विशबोन (एकावर एक असे दोन त्रिकोणी आर्म) आहेत, तर मागे अखंड ॲक्सल असला तरी त्याखाली पाटे नाहीत. तिथे कॉइल स्प्रिंग आहेत आणि ॲक्सलला जागेवर धरण्याचे काम आर्म, म्हणजे टोकांना बुश असलेले दांडे, करतात. त्यामुळे या गाडीत बुशची निवड स्प्रिंगपेक्षाही महत्त्वाची ठरते, आणि संच विकणारे नेमके याबद्दल काही सांगत नाहीत.

रबराचा बुश बाहेरच्या व आतल्या नळीला चिकटवलेला असतो. आर्म हलला की तो फिरत नाही, रबर स्वतः पीळ घेते. पॉलियुरेथेनचा बुश मात्र आतल्या नळीवर सरकत फिरतो आणि बाजूच्या पिळाला फारशी दाद देत नाही. गाडी एका कुशीवर झुकली किंवा एक चाक खड्ड्यात गेले की मागचे आर्म आपल्या अक्षाभोवती थोडे पिळतात. ही हालचाल रबर गिळते, पॉलियुरेथेन अडवते. परिणामी मागची बाजू अडखळल्यासारखी उडते आणि तो ताण आर्मच्या माऊंटिंगवर जातो. कन्नडच्या घाटातील वळणांवर मला हे पहिल्याच फेरीत जाणवले. त्यात आपल्याकडील धूळ बुशमध्ये शिरून ग्रीस सुकले की करकर सुरू होते, आणि ती ऐकून शेजारी बसलेले वडील विचारतात, ‘गाडी नवी केली का जुनी?’ मी मागच्या आर्मना पुन्हा रबरी बुश बसवले. पुढच्या खालच्या आर्ममध्ये मात्र पॉलियुरेथेन ठेवले आहे, कारण तिथली हालचाल जवळजवळ एकाच पातळीत होते आणि ब्रेक दाबताना चाक मागे सरकण्याची जुनी सवय त्याने खरोखरच मोडली.

रबरी बुश बसवताना एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच मिस्त्री आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतात. मग गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी ढिले ठेवून, गाडी चाकांवर उभी करून आणि दोन-तीन वेळा दाबून-सोडून मगच ते आवळावेत. जुने बुश लवकर गेल्याचा दोष आपण नेहमी मालाला देतो. पुष्कळदा तो जॅकचा असतो.

स्प्रिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नयेत. व्हर्नियरने मोजल्यावर मूळ तार १२ मिलिमीटर आणि नवी १३ मिलिमीटर भरली. वेढे आणि व्यास तेच ठेवले तर ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे एवढ्या एका मिलिमीटरने स्प्रिंग सुमारे ३८ टक्के ताठ होते. अंबड-बीड बाजूच्या रस्त्यांखालची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबर चांगले असले तरी पृष्ठभाग लाटांसारखा होतो. अशा लाटांवर ताठ आणि खाली बसलेली गाडी बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटत जाते. मी जुन्याच स्प्रिंग चिकलठाणा एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये एकसारख्या भाराखाली मोजून घेतल्या. पुढच्या दोन्हींत सहा मिलिमीटरचा फरक निघाला. वापराने स्प्रिंगची उंची जाते, ताठपणा फारसा जात नाही, म्हणून बसलेल्या बाजूला पॅकिंग देऊन काम भागले.

शॉकअपची बांधणी चांगली आहे. गॅसच्या दाबामुळे सलग खड्ड्यांतही तेलाला फेस येत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात परभणीपर्यंत जाऊनही त्यांचा जोर टिकून राहिला. पण त्यांचा परतीचा (दाबलेली स्प्रिंग पुन्हा उघडताना लागणारा) जोर ताठ स्प्रिंगच्या हिशेबाने ठेवलेला आहे. मऊ मूळ स्प्रिंगला तो जास्त होतो. एका खड्ड्यातून गाडी पूर्ण वर येण्याआधीच पुढचा खड्डा येतो आणि ती टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते. पुढे हे सोसवले, मागे नाही, म्हणून मागे साधे तेलाचे शॉकअप घातले.

बॉल जॉइंट उत्तम निघाले. टेपरला, म्हणजे त्यांच्या निमुळत्या खुंटाला, निळी शाई लावून पाहिली तेव्हा ती सर्व बाजूंनी सारखी उमटली, म्हणजे खुंट नीट बसला, आणि चाकांची अलाइनमेंटही आठ महिन्यांत हललेली नाही. विक्रेत्याने स्प्रिंग परत घेण्यास नकार दिला, त्यामुळे त्या चारही सध्या गॅरेजच्या माळ्यावर पडून आहेत. संच न घेता बॉल जॉइंट आणि पुढचे बुश सुटे मागवले असते तर खर्च निम्म्याच्या आत आला असता.