काशाच्या थाळीचा मसाज: पाय मोकळे झाले, बोर्डावरचं मात्र पटलं नाही

बडोद्याच्या रावपुरा भागातल्या या मसाज सेंटरला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला तो भिंतीवरच्या बोर्डापायी: या मसाजने अंगातली उष्णता आणि घाण बाहेर पडते, चष्म्याचा नंबर उतरतो, असे दावे त्यावर आहेत.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर उभं राहून संध्याकाळी टाचा ठणकतात. इथे तळव्यांना तूप किंवा तिळाचं तेल लावून पाय फिरत्या काशाच्या थाळीवर ठेवायला सांगतात. २० मिनिटांचे १५० रुपये. थोड्याच वेळात पोटऱ्या सैल पडतात, काशाचा गारवा तळव्यांना छान लागतो, आणि रात्री झोपही गाढ लागली. आमची आजी काशाची वाटी घेऊन हेच करायची. पैसे वसूल.

मसाज संपतो तेव्हा तळवे काळे झालेले असतात. मशीन चालवणारी मुलगी म्हणते, “जुओ बेन, केटली गरमी नीकळी!” (बघा ताई, किती उष्णता निघाली!) शेजारच्या खुर्चीवरचे काका आपले काळे पाय बघून अगदी समाधानाने उठले. पण ती अंगातली उष्णता नव्हे. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. घासताना धातूचे बारीक कण झिजून तुपात उतरतात, तुपातल्या आम्लांची तांब्याशी प्रक्रिया होते आणि रंग गडद होतो. घरी मी आजीची वाटी काढली आणि जाड सुती फडक्यावर तूप टाकून खसाखसा घासली. फडकंही काळपट झालं. त्यात ना पित्त होतं, ना उष्णता.

शरीराचं तापमान मेंदूतला हायपोथॅलॅमस सांभाळतो. जास्तीची उष्णता त्वचेतून आणि घाम वाळताना जाते, तिला रंग नसतो. बोर्डावर ‘शरीरातील घाण बाहेर’ असंही लिहिलंय. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत घेतात, आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. क्रिएटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचे, रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात. वाढलेलं क्रिएटिनिन तळवे चोळून उतरत नाही.

‘चष्म्याचा नंबर उतरतो’ हे वाचून तर वाईट वाटलं, कारण शाळकरी मुलांना घेऊन आलेल्या आया तिथे बसल्या होत्या. लांबचं अंधुक दिसतं ते बहुतेक वेळा नेत्रगोल लांबट झाल्यामुळे. पाय घासून त्याची लांबी बदलणार नाही. मुलांना वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि चष्मा लागला तर वापरू द्या.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते मधुमेहाचं. सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे, म्हणून त्यांना मी इथे आणणार नाही. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होऊ शकते. थाळीने कातडी सोलवटली तरी कळत नाही, भेगेतून जंतू शिरतात आणि जखम चिघळते. मला इथे कुणीही शुगर आहे का म्हणून विचारलं नाही. हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे आणि पाय नीट बघूनच थाळीवर ठेवले पाहिजेत. मालकांना मी हे सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

थाळी दर गिऱ्हाइकानंतर गरम पाण्याने धुतात, हे मी स्वतः पाहिलं. संध्याकाळी रांग लागते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. दुपारी तीनच्या सुमारास जा, लगेच खुर्ची मिळते.