पीक फ्लो मीटर: उच्छ्वासाचा चोख हिशेब, कंठद्वाराकडे मात्र पाठ

दम्याच्या रुग्णाने घरी ठेवावयाच्या साधनांमध्ये पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकलेल्या हवेचा सर्वाधिक वेग मोजणारे यंत्र, हे बहुधा सर्वांत साधे साधन आहे. प्लास्टिकची नळी, आत स्प्रिंगच्या विरुद्ध सरकणारा दट्ट्या आणि बाहेर मोजपट्टीवर पुढे ढकलला जाणारा काटा, एवढीच त्याची रचना असते. ब्रिटनमधील मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेले मूळ यंत्र बरेच मोठे होते. पुढे त्याची छोटी आवृत्ती निघाली आणि तपासणी रुग्णाच्या घरी पोहोचली. आमच्या घरी असे एक मीटर नियमित वापरात आहे आणि दम्यापुरते बोलायचे तर त्याच्याबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही.

उभे राहून छाती भरून श्वास घ्यावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत आणि एका झटक्यात जोराने फुंकावे. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असल्यास ठीक, ५० ते ८० मध्ये सावधगिरी आणि ५० च्या खाली तातडीचे उपचार, ही विभागणी बहुतेक डॉक्टर सांगतात. फुंकताना थुंकल्यासारखा किंवा खोकल्यासारखा झटका दिला तर आकडा खोटाच फुगतो, ही गोष्ट मात्र सोबतच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापायला हवी होती.

खरी मर्यादा निराळी आहे, आणि ती समजण्यासाठी स्वरयंत्राकडे पाहावे लागते. दोन स्वरतंतूंमधली फट, म्हणजे कंठद्वार, हा प्रौढांच्या स्वरयंत्रातील सर्वांत अरुंद भाग होय. श्वास घेताना स्वरतंतू एकमेकांपासून दूर जातात आणि सोडताना थोडे जवळ येतात; त्यांना दूर ओढण्याचे काम मुख्यतः मागच्या बाजूच्या स्नायूंच्या एकाच जोडीवर सोपवलेले आहे. अशा फटीतून हवा वेगाने जाताना प्रवाह खळबळीचा होतो, आणि फटीचे क्षेत्रफळ निम्मे झाले तर तेवढीच हवा आत घेण्यासाठी ढोबळमानाने चौपट दाबफरक लागतो. शिवाय श्वास घेताना स्वरयंत्रातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होत असल्याने सैल पडलेले स्वरतंतू आतच ओढले जातात, तर उच्छ्वासाचा दाब त्यांना बाजूला सारतो. म्हणून कंठद्वाराचा बदलता अडथळा प्रामुख्याने श्वास आत घेताना जाणवतो. आणि हे मीटर मोजते ते फक्त बाहेर पडणारी हवा.

याची खातरजमा घरी करता येते. उज्जायी प्राणायामात करतात तसा घसा किंचित आवळून, घर्षणाचा आवाज करत श्वास आत घ्यावा आणि मग घसा मोकळा सोडून मीटरमध्ये फुंकावे: आकडा जवळजवळ नेहमीइतकाच येतो. घसा आवळल्याची नोंद कुठेच होत नाही. ज्यांचे स्वरतंतू श्वास घेताना उघडण्याऐवजी अधूनमधून मिटू लागतात, अशा रुग्णांना धाप लागते, घशातून शिट्टीसारखा आवाज येतो, पंप घेऊनही उतार पडत नाही, आणि मीटरचा आकडा मात्र पुष्कळदा समाधानकारक दिसू शकतो. ‘आकडा चांगला आहे, म्हणजे काही नाही’ असे घरच्यांनी ठरवून टाकणे हा या उपकरणाचा सर्वांत धोकादायक वापर, असे माझे मत आहे.

अडथळा कायमस्वरूपी आणि ताठर असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा उच्छ्वासाचा शिखरवेगही घसरतो, आणि पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेच्या मिलिलिटरना पीक फ्लोच्या आकड्याने भागले असता १० पेक्षा मोठे उत्तर आल्यास वरच्या श्वसनमार्गाबद्दल शंका घेतली जाते. त्यासाठी अर्थातच स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रावर केलेली श्वासाची सविस्तर तपासणी, लागते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचा पूर्ण आलेख तीच काढते. श्वास घेतानाचा बदलता अडथळा त्यात खालच्या, सपाट झालेल्या अर्ध्या भागात दिसतो. निदान मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्रास चालू असताना दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिल्यावरच पक्के होते.

दम्याचे निदान झालेल्यांनी हे मीटर जरूर घ्यावे. लहान मुलांसाठी कमी पल्ल्याचे मिळते, ते मागून घ्यावे. मीटर बदलल्यास सर्वोत्तम आकडा नव्याने ठरवावा, कारण दोन बनावटींचे आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही. आणि वहीत आकड्याशेजारी एक रकाना जास्तीचा आखून त्रास श्वास घेताना झाला की सोडताना, हे लिहून ठेवावे.